हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, वेळ मात्र निराळा

१/ फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. १९८३ साली हा प्रवास विनाथांबा सुरू झाला, तेव्हा त्याला जवळपास १३ तास लागत. २०१९ साली तोच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होई. २०२२ पासून तो पुन्हा १३ तासांवर गेला. मधल्या चाळीस वर्षांत विमाने सुधारली, इंजिने काटकसरी झाली आणि शहरे तर जागची हललीही नाहीत. मग हे साडेतीन तास वाचले कसे आणि पुन्हा खर्ची पडले कसे?

२/ या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या यंत्रात नाही, ते सैबेरियावरच्या आकाशात आहे. ते आकाश कोणाचे, त्यातून कोणी जावे आणि कोणत्या किमतीला, हा वाद गेली सात दशके चालू आहे. विमानाच्या तिकिटावर छापलेली प्रवासाची वेळ ही बहुतेकांना तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे करार, युद्धे आणि काही वेळा माणसांचे मृत्यूही उभे असतात. हा धागा त्याच इतिहासाविषयी. #इतिहास #धागा

३/ आधी थोडा भूगोल. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहिला तर हेलसिंकीहून टोकियोला जाण्यासाठी पूर्वेकडे, थोडे दक्षिणेला झुकत जावे असे वाटते. पृथ्वीगोलावर मात्र या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आधी ईशान्येकडे चढतो, उरल पर्वताचा उत्तर भाग ओलांडतो, सैबेरियावरून खाली उतरतो आणि मग जपानला पोहोचतो. गोलावरच्या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरूनच जातो. हा दोरा जवळजवळ पूर्ण लांबीभर रशियावरून जातो.

४/ समुद्रावर कोणीही जहाज हाकावे, आकाशाचे तसे नाही. विमान हे युद्धाचे साधन ठरू शकते, हे पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले होते. म्हणूनच १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौमत्व असते, हे तत्त्व नोंदवले गेले. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या करारात पहिल्याच कलमात ते अधिक ठामपणे मांडले गेले : आपल्या प्रदेशावरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे.

५/ शिकागोतच आणखी एक करार झाला. त्यात सामील झालेल्या देशांनी एकमेकांच्या नियमित प्रवासी विमानांना न उतरता वरून जाण्याची मुभा द्यायची होती. भारत त्यात सामील झाला. सोव्हिएत संघाने मात्र शिकागो परिषदेतून ऐन वेळी अंग काढून घेतले. शिकागोच्या मुख्य करारात तो १९७० साली आला, पण वरून जाण्याची मुभा देणाऱ्या करारात तो कधीच आला नाही आणि पुढे रशियाही आला नाही. सैबेरियाचे दार उघडायचे की नाही, हे प्रत्येक वेळी मॉस्कोच ठरवणार होते.

६/ दार बंद ठेवण्यास मॉस्कोजवळ कारणे होती. कोला द्वीपकल्पावर आरमारी तळ होते, अतिपूर्वेला लष्करी ठाणी होती. १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान सोव्हिएत प्रदेशावर स्वेर्दलोव्हस्कजवळ पाडले गेले आणि त्याचा वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला. उंचावरून जाणारे परके विमान छायाचित्रे घेत नसेलच, याची खात्री देणारे त्या काळात कोणी नव्हते. संशयाला आधार होता. त्याची किंमत मात्र सामान्य प्रवाशांनी मोजली.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून जपानला जाणारी विमाने मध्यपूर्व, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया असे थांबे घेत दक्षिणेकडून मोठा वळसा घालत. या प्रवासात सुमारे ५० तास जात. दक्षिणेची वाट लांब आणि मधली वाट बंद, म्हणून स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने उत्तरेकडे पाहिले. ज्यांच्या देशांचा माथा आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जातो, त्यांना ध्रुव इतरांपेक्षा जवळचा वाटणे स्वाभाविक होते.

८/ १५ नोव्हेंबर १९५४ रोजी या कंपनीने कोपनहेगन ते लॉस एंजेलिस ही सेवा सुरू केली. ग्रीनलंड आणि कॅनडातील विनिपेग येथे थांबत तिची विमाने आर्क्टिक प्रदेशावरून जात. ही सेवा म्हणजे पुढच्या धाडसाची तालीमच ठरली. ध्रुवाजवळ उड्डाण करण्यातली खरी अडचण थंडीपेक्षा दिशेची होती. चुंबकीय ध्रुव जवळ आला की होकायंत्राची सुई भरकटते. शिवाय सर्व रेखावृत्ते ध्रुवापाशी एकत्र येत असल्याने सरळ जाणाऱ्या विमानाचीही नकाशावरची दिशा क्षणोक्षणी बदलत राहते.

९/ यावर उपाय निघाला तो नकाशाच बदलण्याचा. रेखावृत्तांऐवजी समांतर चौकटींची जाळी आखलेले नकाशे तयार झाले. त्या जाळीच्या आधारे दिशा धरून ठेवण्यासाठी अत्यंत कमी चूक करणारा गायरो वापरला जाऊ लागला. सूर्य आणि तारे पाहून स्थान निश्चित करणारा दिशादर्शक विमानात असे. विमान बर्फावर उतरवावे लागलेच तर तग धरता यावा, म्हणून विमानातून ध्रुवीय कपडे आणि इतर सामग्री नेली जाई. पुढे काही विमानांत ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी बंदूकही असे.

१०/ २४ फेब्रुवारी १९५७ रोजी एक विमान कोपनहेगनहून टोकियोकडे निघाले आणि दुसरे टोकियोहून कोपनहेगनकडे. डीसी-७सी जातीची, पंख्यांच्या इंजिनांची ही विमाने उत्तर ध्रुवाच्या वाटेने गेली आणि मध्ये अलास्कातील अँकरेज येथे थांबली. ५० तासांचा प्रवास ३२ तासांच्या आसपास आला. युरोप आणि जपान यांच्यातील ही पहिली नियमित ध्रुवीय सेवा होय. २४ फेब्रुवारी ही तारीख लक्षात असू द्यावी. ती या इतिहासात पुन्हा येणार आहे.

११/ इतर कंपन्याही याच वाटेने आल्या आणि अँकरेजचे भाग्य उजळले. ॲम्स्टरडॅम, पॅरिस, लंडन येथून टोकियोला निघालेली विमाने इंधन भरण्यासाठी या विमानतळावर उतरू लागली. अलास्काशी काहीही देणेघेणे नसलेले लक्षावधी प्रवासी तासा-दीड तासासाठी तेथे पायउतार होत. पेंढा भरलेले भलेमोठे ध्रुवीय अस्वल पाहावे, दुकानांतून करमुक्त वस्तू घ्याव्यात आणि पुन्हा विमानात बसावे, असा तो क्रम. जपानी प्रवाशांसाठी तेथे उदोन नूडल्सही मिळत.

१२/ जपानमधील एका पिढीच्या आठवणीत युरोपचा प्रवास म्हणजे अँकरेजचा थांबा असे समीकरण पक्के झाले होते. नकाशावर पाहिले तर हे विचित्रच. पूर्वेकडच्या माणसाने पश्चिमेला जाण्यासाठी आधी आणखी पूर्वेकडे, अमेरिका खंडात जायचे आणि मग ध्रुव ओलांडून युरोपात उतरायचे. तरीही ही वाट दक्षिणेच्या वाटेपेक्षा जलद होती. शीतयुद्धाने जगाचा आकार बदलला नाही, पण विमानांना चालण्याजोगा नकाशा मात्र बदलून टाकला.

१३/ सैबेरियाचे दार पूर्ण बंद राहिले असे नाही. ते किलकिले झाले ते विशिष्ट अटींवर. एप्रिल १९६७ मध्ये टोकियो ते मॉस्को ही सेवा सुरू झाली. विमान सोव्हिएत बनावटीचे तुपोलेव्ह-११४, त्यावर एरोफ्लोतबरोबर जपान एअरलाइन्सचेही नाव. १९७० साली जपान एअरलाइन्सला स्वतःच्या विमानांनी मॉस्कोमार्गे युरोप गाठण्याची परवानगी मिळाली. मात्र मॉस्कोला थांबणे बंधनकारक होते. हा हक्क सर्वांसाठी नव्हता. ज्याच्याशी सौदा जमेल त्याच्यापुरताच होता.

१४/ येथे फिनलंडची गोष्ट येते. सोव्हिएत संघाशी १,३०० किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा असलेला हा लहान देश १९४८ च्या मैत्री करारापासून मॉस्कोशी जपून वागत आला होता. १९५६ साली त्याच्या फिनएअर या कंपनीने हेलसिंकी-मॉस्को सेवाही सुरू केली होती. परंतु शेजाऱ्याच्या राजधानीपर्यंत जाता येणे आणि शेजाऱ्याचे सारे घर ओलांडून पलीकडे जाता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी. टोकियोला जाणाऱ्या फिनी विमानासाठी सैबेरिया बंदच होता.

१५/ फिनएअरने मग वेगळाच मार्ग निवडला : ध्रुवावरून जायचे, पण अँकरेजला थांबायचे नाही. २२ एप्रिल १९८३ रोजी डीसी-१०-३०ईआर हे तीन इंजिनांचे विमान हेलसिंकीहून टोकियोसाठी निघाले. त्याच्या मालकक्षात जादा इंधनाची टाकी बसवली होती. नॉर्वेचा उत्तर भाग, ध्रुवप्रदेश, बेरिंग सामुद्रधुनी आणि मग पॅसिफिकवरून जपान, असा हा मार्ग होता. पश्चिम युरोपातून जपानला विनाथांबा जाणारी ही पहिली नियमित सेवा. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांना मिळे.

१६/ हा वळसा किती मोठा होता, हे आकड्यांतच पाहावे. हेलसिंकी सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून ध्रुवापर्यंतच सुमारे ३,३०० किलोमीटर होतात. बृहद्वृत्ताच्या वाटेने इतक्या अंतरात टोकियोचा चाळीस टक्क्यांहून अधिक प्रवास संपला असता. येथे मात्र ध्रुवावर पोहोचलेले विमान टोकियोपासून अजून अर्ध्याहून अधिक वाटेवर असे. इंधन गोठणबिंदूच्या जवळ जाऊ नये म्हणून त्याच्या तापमानावर सतत नजर ठेवावी लागे. ते फार उतरले तर वैमानिक उंची किंवा वेग बदलत.

१७/ सीमा चुकली तर काय होते, हे तोपर्यंत एकदा दिसून आले होते. २० एप्रिल १९७८ रोजी कोरियन एअरलाइन्सचे ९०२ क्रमांकाचे विमान पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघाले. दिशादर्शनातील चुकीमुळे ते आर्क्टिकवर हळूहळू वळत गेले आणि कोला द्वीपकल्पावर, सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने त्याच्यावर मारा केला. दोन प्रवासी ठार झाले. वैमानिकाने जखमी विमान एका गोठलेल्या तळ्यावर उतरवले, म्हणून उरलेले १०७ जण वाचले.

१८/ पाच वर्षांनी इतके नशीब कोणाच्या वाट्याला आले नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी, म्हणजे फिनएअरची ध्रुवीय सेवा सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले असताना, कोरियन एअरलाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला जात होते. अँकरेज सोडल्यानंतर ते ठरलेल्या मार्गापासून दूर सरकत गेले, कामचात्का ओलांडून साखालिनवर आले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. विमानातील २६९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

१९/ पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ साली चौकशीचा जो निष्कर्ष काढला, तो साधा आणि म्हणूनच अंगावर येणारा आहे. स्वयंचालक यंत्रणा ठरलेल्या मार्गाशी जोडली गेलीच नव्हती. विमान एकच चुंबकीय दिशा धरून उडत राहिले आणि वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही. या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, उपग्रहांवर आधारलेली जीपीएस यंत्रणा नागरी विमानांसाठी मोफत उपलब्ध करण्यात येईल, असे अमेरिकेने जाहीर केले. आज प्रत्येक फोनमध्ये असणाऱ्या सोयीच्या इतिहासात हे २६९ मृत्यूही आहेत.

२०/ गोर्बाचेव्ह यांच्या काळात सोव्हिएत धोरण सैल होऊ लागले. मॉस्कोला न थांबता सैबेरियावरून जाण्याची परवानगी एकेका कंपनीला मिळू लागली, आणि सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ही वाट जवळजवळ राजमार्ग झाली. त्याच सुमारास अधिक लांब पल्ल्याची बोइंग ७४७-४०० विमाने आली. पाहता पाहता अँकरेजचे प्रवासी सभागृह ओस पडले. मालवाहू विमानांनी मात्र ते विमानतळ आजही गजबजलेले आहे. हेलसिंकी-टोकियो प्रवासही बृहद्वृत्ताच्या जवळ आला आणि साडेनऊ तासांपर्यंत उतरला.

२१/ उघडलेल्या दारावर टोलनाका होता. सैबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्यांना मार्गदर्शन शुल्काव्यतिरिक्त एरोफ्लोतला वेगळी रक्कम द्यावी लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात ती वर्षाला ३० कोटी युरोंच्या आसपास होती. युरोपीय संघाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या, पण कंपन्या पैसे भरतच राहिल्या. कारण उघड होते : वळशाचे इंधन, जादा कर्मचारी आणि अडकून पडणारे विमान यांचा खर्च त्या टोलापेक्षा जड गेला असता.

२२/ फिनएअरने तर या वाटेवर आपला सारा संसार उभा केला. युरोपच्या ईशान्य कोपऱ्यातले हेलसिंकी एरवी आडवळणाचे शहर. पण आशियाच्या बृहद्वृत्तावर ते ऐन मोक्याच्या जागी येते. साडेनऊ तास जायला, थोडे अधिक परतायला, मध्ये साफसफाई आणि इंधन : एकच विमान टोकियोचा फेरा २४ तासांत पुरा करू शकत असे. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे सोन्याचे गणित होते. कोविडपूर्व काळात कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आशियाच्या वाहतुकीतून येत असे.

२३/ २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली. पहिल्या ध्रुवीय टोकियो सेवेला त्या दिवशी बरोबर ६५ वर्षे पूर्ण होत होती. २७ तारखेला युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद करण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना बंदी केली. फिनलंड त्यांत होता. तीस वर्षे जपलेले भौगोलिक भांडवल चार दिवसांत हातचे गेले.

२४/ ९ मार्च २०२२ रोजी फिनएअरचे टोकियो उड्डाण पुन्हा सुरू झाले. मार्ग जुनाच होता : नॉर्वे, स्वालबार्ड, उत्तर ध्रुव, अलास्का, पॅसिफिक. सुमारे १३,००० किलोमीटर आणि १३ तास. वारे पाहून काही उड्डाणे दक्षिणेकडून, मध्य आशिया आणि चीनवरूनही जाऊ लागली. विमान आता दोन इंजिनांचे एअरबस ए-३५० होते, १९८३ च्या विमानापेक्षा कितीतरी सुरक्षित आणि काटकसरी. तरी वेळ तितकाच लागत होता. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्रही पुन्हा मिळू लागले. २४ तासांचे गणित मात्र मोडले.

२५/ ही बंदी सर्वांना सारखी नाही. चिनी कंपन्यांची विमाने आजही सैबेरियावरून युरोपात ये-जा करतात. एअर इंडियाची अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी विमानेही रशियावरून गेली आहेत. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले असेच एक विमान इंजिनातील बिघाडामुळे मगादान येथे उतरले. दोनशेहून अधिक प्रवासी त्या दुर्गम शहरात अडकले. अनेकांची सोय शाळेत करावी लागली आणि त्यांच्यासाठी मुंबईहून दुसरे विमान धाडावे लागले. जवळच्या वाटेवरही जोखीम असतेच.

२६/ भारतीय प्रवाशांना हा अनुभव घराजवळही आला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते जुलैच्या मध्यावर खुले झाले. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना गुजरात आणि अरबी समुद्राकडून वळसा घालावा लागला. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना समुद्र जवळ असल्याने त्याची झळ तुलनेने कमी बसली.

२७/ हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातील ७,८०० किलोमीटर ही पृथ्वीच्या आकाराने दिलेली संख्या आहे. ती कोणाला बदलता येत नाही. त्यापुढे लिहिलेले तास मात्र त्या त्या काळातील शासनकर्त्यांनी लिहिलेले आहेत. ३२ तासांवर शीतयुद्धाची सही आहे, साडेनऊवर त्याच्या शेवटाची आणि पुन्हा आलेल्या १३ तासांवर युक्रेनच्या युद्धाची. तंत्रज्ञानाने जग लहान होत जाते, हे विधान या एका मार्गापुरते तरी अपुरे आहे. उद्या टोकियोच्या तिकिटावर पुन्हा साडेनऊ तास छापून आले, तर ती बातमी विमान कंपनीची नसेल. ती शांततेच्या तहाची असेल.

(समाप्त) #इतिहास #विमानवाहतूक #शीतयुद्ध